दुमडलेलं पान

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक इमारत आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा कारखाना आणि वर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं मंडळ. मंडळाची पाटी आहे, पण ती जिन्याच्या आतल्या बाजूला. ज्याला वाट आधीच ठाऊक आहे त्यालाच ती दिसावी अशी सोय. दर मे महिन्यात तिथे कायद्याची दोन-तीन मुलं काम शिकायला येतात. त्यांना खुर्ची मिळते, पंखा मिळेलच असं नाही, आणि शेवटी एक प्रमाणपत्र मिळतं. यंदा दोघं होती. बोरिवलीचा ओजस आणि मुलुंडची संघमित्रा.

ओजस जेवढं सांगितलं तेवढंच करी आणि पाच वाजता निघून जाई. संघमित्रा हुशार होती. आपण हुशार आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. कॉलेजातल्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत कागदपत्रांच्या मांडणीचं बक्षीस तिने सलग दोन वर्षं घेतलं होतं. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, जोडपत्रं एकाखाली एक. कागदाचा कोपरा दुमडलेला दिसला की तिचा हात आपोआप तो सरळ करायला जाई.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास जयंतीबाईंनी कपाट उघडलं आणि माणिक नावाच्या तक्रारदाराची फाइल काढली. जयंतीबाई म्हणजे मंडळाच्या मुख्य लिपिक. सदस्य येतात-जातात, कार्यालय त्याच चालवतात. त्यांनी फाइल उलगडली आणि त्यांचा हात थांबला.

"हे पान कुणी उघडलं?"

"मी, ताई," संघमित्रा म्हणाली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "घडी पडली होती. पिना काढून सरळ केलं. अनुक्रमणिकेत पान चौदा म्हणून घेतलंय."

"आणि प्रत?"

"काढली ना. पूर्ण संच. सकाळच्या टपालात ठाण्याला गेली."

जयंतीबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळात एक रीत होती, आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. तक्रारीची प्रत ठाण्याला पाठवावीच लागते, त्यांचं म्हणणं मागवायला. पण ज्या साक्षीदाराला त्याच ठाण्याची भीती आहे, त्याच्या जबाबाचं पान जयंतीबाई मधोमध दुमडून दोन पिना मारून ठेवत. प्रती काढताना दुमडलेलं पान वगळायचं. ते उघडायचं ते फक्त सदस्य गंधाली मॅडमनी, मागच्या छोट्या खोलीत, साक्षीदाराला एकटं समोर बसवून. हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. संघमित्राला कुणी सांगितलं नव्हतं, कारण जे सगळ्यांना माहीत आहे ते नव्या माणसाला सांगावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पान चौदावर शेवंतीचा जबाब होता.

माणिक रिक्षा चालवतो. ठाण्यासमोर रिक्षा उभी केली म्हणून एका फौजदाराने त्याला आत नेलं आणि कानाखाली दोन दिल्या. डाव्या कानाचा पडदा फाटला. कॅमेरा त्या दिवशी बंद होता. असे कॅमेरे अशा दिवशी बंदच असतात. डॉक्टरचा कागद होता, पण तो कान कुणी फोडला हे डॉक्टरला काय माहीत. पाहणारी एकच होती, त्या वेळी लादी पुसत असलेली शेवंती. ठेकेदाराकडून त्याच ठाण्यात झाडूपोछा करणारी. रोज सकाळी सात ते दुपारी दोन, त्याच फौजदाराच्या टेबलाखालून फडका फिरवणारी.

तिचा जबाब संघमित्रानेच लिहून घेतला होता. शेवंती खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाठ न टेकता. संघमित्राची आई, चंपा, एका दवाखान्यात आया आहे. साहेबलोकांसमोर तीही अशीच बसते. म्हणून संघमित्राने तिच्या हातावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "मावशी, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. माझा शब्द." जयंतीबाईंकडून ऐकलेलं वाक्य तिने पुढे दिलं होतं. कसं जाणार नाही, हे विचारायची तिला गरज वाटली नव्हती; ते मंडळ बघून घेतं, असंच तिने धरलं होतं.

"केतनला फोन लावते," ती म्हणाली.

केतन टपाल घेऊन स्कूटरवर फिरायचा. तिने फोन लावला आणि तो कोपऱ्यातल्या टेबलावर वाजला. चार्जिंगला लावून विसरून गेला होता.

"वाट लागली," ओजस म्हणाला, आणि त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

"केतन आधी पवईला जातो," जयंतीबाई म्हणाल्या. त्या आता उभ्या राहिल्या होत्या. "मग घाटकोपरकडे. पावणेदहाला निघालाय. तू मेट्रोने जा, तू आधी पोचशील. कदाचित."

"मॅडमचं पत्र घेऊन जाऊ? नोटीस मागे घेतली म्हणून?"

"वेडी आहेस का गं? मंडळ पाकीट परत मागतंय म्हटल्यावर ते पहिलं काय करतील? फोडतील. एरवी आपलं पाकीट त्या टेबलावर आठवडाभर पडून राहतं. तू मागायचं नाही. त्यांनी होऊन परत द्यावं असं काहीतरी कर. आपलं टपाल न घ्यायला त्यांना कारण हवंच असतं. ते दे."

"कसलं कारण?"

"ते तू शोध. चूक काढ तुझ्या कागदात."

मरोळ नाक्याहून गाडी सुटली तेव्हा संघमित्रा दाराशी उभी राहून मोबाइलवर आपल्याच नोटिशीचे फोटो बघत होती. सगळा संच पाठवण्याआधी तिने हौसेने टिपून ठेवला होता. आता ती त्यात चूक शोधत होती. तारीख बरोबर, जावक क्रमांक बरोबर, मोहर प्रत्येक पानावर, तीही सरळ. दोन दिवस जीव तोडून तिने एकही चूक राहू दिली नव्हती. अनुक्रमणिकेत स्वच्छ छापलेलं होतं: 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा जबाब, पान १४'. चोराला घर दाखवावं तसं तिने त्या पानाकडे बोट दाखवलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की साकीनाक्याला चढलेल्या एका बाईने तिला विचारलं, बरं वाटत नाहीये का.

घाटकोपरला उतरून तिने रिक्षा केली. ठाण्याचं नाव इथे सांगत नाही; अशी ठाणी नावाने वेगळी नसतात. आवारात जप्त केलेल्या दुचाक्या, त्यांच्या सीटवर मांजरं, आणि फाटकाशी केतनची स्कूटर. ती दिसली तशी संघमित्रा पळतच आत शिरली.

केतन आत बाकावर बसला होता, मांडीवर डिलिव्हरीचं पुस्तक.

"तू इथे कशी?" तो म्हणाला.

"पाकीट?"

"दिलं ना. पण सही देत नाहीयेत. मध्ये पाकिटं घेऊन आत जाऊन आले, अर्धा तास बसवलंय. हे रोजचंच आहे यार यांचं." त्याने हनुवटीने दाखवलं.

समोर बारनिशीचं टेबल होतं. ठाण्यात येणारं-जाणारं टपाल नोंदवण्याची ही जागा. तिथे पन्नाशीचा एक हवालदार चष्म्याला दोरी बांधून रजिस्टरवर रेघा आखत होता. त्याच्या कोपराशी पाकिटांची चवड होती आणि वरचंच पाकीट तिचं होतं. पत्ता तिनेच छापून चिकटवला होता, अगदी मधोमध. पाकिटाचं तोंड पलीकडे होतं. पिन आहे की निघाली, ते इथून दिसत नव्हतं.

आणि टेबलाच्या डाव्या हाताला, गुडघ्यावर बसून, निळा कोट घातलेली शेवंती लादी पुसत होती.

तिने वर पाहिलं. संघमित्राला पाहिलं. ओळख दाखवायची नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने लगेच मान खाली घातली. पण त्यानंतर तिचा फडका त्याच एका लादीवरून फिरत राहिला. पुढे सरकेना. मंडळातली पोरगी इथे आली आहे म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, एवढं तिला कळलं होतं. संघमित्राला ओरडून सांगावंसं वाटलं की मावशी, उठा, घरी जा. ती टेबलापाशी गेली.

"साहेब, मी मंडळाकडून आलेय. ते पाकीट..."

"काय त्याचं?" हवालदार रेघ पुरी करत म्हणाला.

"त्यात बहुतेक चूक आहे."

"बहुतेक?"

आतून कुणीतरी हाक मारली, "ए भीमराज, झेरॉक्सचा कागद संपला काय रे?" हवालदाराने हात हलवला. त्याचं नाव ऐकून संघमित्राला क्षणभर धीर आला. नावावरून माणूस आपला वाटणं ही तिची लहानपणापासूनची खोड, आणि या खोडीने तिला दोनदा तोंडघशी पाडलेलं होतं. तिने तो धीर तिथल्या तिथे आवरला.

"काय चूक आहे सांगा की," भीमराज म्हणाला.

ती तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या दारातून फौजदार आला. तिने त्याला फक्त फाइलमधल्या नावाने ओळखलं, छातीवरच्या पट्टीवरून. तिला वाटलं होतं तसा तो नव्हता. तिशीचा, नीटनेटका, पावडरचा वास येणारा. बोलायला मऊ.

"काय काम होतं मॅडम? बसा ना. भीमराज, मॅडमना बसायला द्या." मग त्याची नजर पाकिटावरच्या छापील पट्टीवर गेली आणि त्याने ती वाचली. "अच्छा. मंडळ. माझंच असेल. आणा इकडे."

त्याने हात पुढे केला.

शेवंतीचा फडका थांबला. बादलीत तिने तो बुडवला नाही, पिळला नाही, नुसता हातात धरून ती बसून राहिली. संघमित्राच्या मनात आलं, झडप घालावी, पाकीट घेऊन पळत सुटावं. कलम कुठलं लागेल तेही तिला आठवलं. असल्या वेळी डोक्याला नको ते आठवतं.

भीमराजने पाकीट उचललं. उलटसुलट केलं, चष्मा वर ढकलला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "आपलं नाही साहेब. मुलुंडचं इकडे टाकलंय. पत्ता आपला लावलाय, आत कागद त्यांचे. ही बाई तेच सांगायला आलीय." आणि संघमित्राकडे वळून तो एकदम खेकसला, "तुमच्याकडे काय पोरं भरलीत काय हो? पाकिटं बघून भरता येत नाहीत? आम्ही काय तुमचे पोस्टमन? न्या परत! मी सही देणार नाही, सांगून ठेवतो."

त्याने एव्हाना टेबलापाशी आलेल्या केतनच्या हातातलं पुस्तक ओढून त्या ओळीवर 'स्वीकारले नाही' लिहिलं, पाकीट टेबलावरून तिच्याकडे ढकललं आणि पुन्हा रेघा आखायला लागला. फौजदार हसला. "नवीन असाल," तो संघमित्राला म्हणाला. "होतं असं." आणि चहा सांगायला बाहेर गेला.

पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून संघमित्रा फाटकाबाहेर आली. केतन मागून विचारत होता, मुलुंडचं कसं काय, मी तर स्वतः बघून घेतलं होतं. रस्ता ओलांडून एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. आणि तेव्हा तिच्या डोक्यात ते वाक्य शिरलं. आत कागद त्यांचे. आत काय आहे हे त्याला कसं कळलं?

पाकिटाची पिन निघालेली होती.

तिने संच बाहेर काढला. पान एक, पान दोन, अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेतली शेवटची ओळ निळ्या पेनाने खोडली होती, खाली काही वाचता येणार नाही अशी. आणि शेवटी पान चौदा. ते तिने इथे पाठवलं तेव्हा सरळ होतं. आता ते मधोमध दुमडलेलं होतं आणि त्याला दोन पिना मारलेल्या होत्या.

संघमित्रा रडली. पायरीवर बसून, भर दुपारी, केतनसमोर. तिला हायसं वाटलं होतं आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींपैकी जास्त काय हे तिला सांगता आलं नसतं. त्या माणसाने वाचलं होतं. वाचून झाकलं होतं. आज झाकलं, उद्या फौजदाराने खांद्यावर हात ठेवून दोन गोष्टी गोड विचारल्या तर?

तिने जयंतीबाईंना फोन केला.

"बारनिशीचा हवालदार का?" जयंतीबाईंनी ऐकून घेतल्यावर विचारलं. "त्याला घडीचं पान ठाऊक असणार. ठाण्याचं उत्तर घेऊन वर्षानुवर्षं तोच इथे येतो, माझ्या टेबलावरच्या फायलींत घड्या पाहिल्यात त्याने. एकदाही बोलला नाही माझ्याशी. ये परत. आणि तोंड उघडू नकोस कुठे."

"शेवंतीमावशींना सांगायला पाहिजे ना."

"काय सांगणार? एकाने वाचलंय म्हणून? ती उद्याच नाव मागे घेईल. मग माणिककडे काय उरलं? त्याचा कान तेवढा उरला. पाकीट आलं ना परत? झालं."

"ताई, मी शब्द दिला होता त्यांना."

"शब्द पाळला गेलाय गं," जयंतीबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ते पटत नव्हतं, हे फोनवर ऐकू येत होतं.

संघमित्राने केतनला पुढे पाठवलं आणि ती तिथेच थांबली. जयंतीबाईंचं चूक नव्हतं. सांगितलं तर साक्षीदार जाणार, न सांगितलं तर साक्षीदार राहणार, हिशोब साधा होता. फक्त त्या हिशोबात एक बाई रोज सकाळी सातला त्या ठाण्यात जाणार होती, आणि तिथे कुणाला काय माहीत आहे हे तिला माहीत नसणार होतं.

दोनला शेवंती बाहेर आली. निळा कोट घडी करून पिशवीत, खांद्यावर पदर. ती सरळ चालत राहिली आणि संघमित्रा दहा पावलं मागून. वळणापलीकडच्या पाणपोईपाशी शेवंती थांबली.

"काय झालं ते सांगा, ताई."

संघमित्राने सांगितलं. सगळं सांगितलं. दुमडलेलं पान मी सरळ केलं, मी प्रत काढली, मी पाठवली. दुसऱ्या कुणाचं नाव तिने घेतलं नाही, 'चुकून' हा शब्दसुद्धा वापरला नाही. हवालदाराने वाचलंय हे सांगितलं. "तुम्हाला नाव मागे घ्यायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे. मी स्वतः लिहून देते अर्ज," ती म्हणाली.

शेवंती ओंजळीने पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"तू म्हणालीस, माझा शब्द," ती म्हणाली. 'ताई' गेलं होतं, 'तुम्ही' गेलं होतं.

"हो."

"माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस."

"हो, मावशी."

शेवंतीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "सव्वाअकरा-साडेअकरा झाले असतील. भीमराजने मला चहा दिला. चार वर्षं झाली मला तिथे, कधी दिला नाही. म्हणाला, शेवंतीबाई, आज बसून प्या. मी म्हटलं, ह्याला काय झालं आज? मी काही बसले नाही. उभ्यानेच प्यायले." तिने मान हलवली. "तेव्हा वाचलं होतं त्याने."

"असेल."

"तो बोलेल का कुणाला?"

संघमित्राला 'नाही' म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"हे बरं केलंस. ह्या वेळी तरी माहीत नाही ते माहीत नाही म्हणालीस." शेवंतीने हात पुढे केला. "आण ते पान."

"ही नुसती प्रत आहे. मूळ पान कपाटात..."

"ते तुमचं. हे मला दे."

संघमित्राने दिलं. शेवंतीने पिना नखाने काढल्या, पान उलगडलं आणि खाली आपली सही शोधली. शेवंती, तीन अक्षरं, प्रत्येक वेगळी वेगळी. सही ओळखता येण्याएवढं तिला वाचता येत होतं. त्यावर तिने बोट फिरवलं. मग तिने पान पुन्हा दुमडलं, एकदा नाही, चारदा, काड्यापेटीएवढं होईपर्यंत, आणि कमरेच्या बटव्यात ठेवून नाडी आवळली.

"नाव बाहेर जायचं की नाही ते आता मी बघीन," ती म्हणाली. "तुमच्याकडे ठेवण्यासारखं नाही ते." आणि भटवाडीच्या चढाला लागली.

सुनावणी चार जूनला होती. गंधाली मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, संघमित्राला काही बोलल्या नाहीत आणि नोटीस नव्याने पाठवली, तेरा पानांची. शेवंतीचा अर्ज आला नाही. तिचा फोनही आला नाही, आणि जयंतीबाईंनी केला तर तिने उचलला नाही. संघमित्राने त्या तीन आठवड्यांत घडीचं पान म्हणजे काय, ते का वगळायचं, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं. ओजस म्हणाला, मस्त केलंस. तिला त्यात मस्त काही वाटलं नाही. रोज सकाळी सात वाजता तिला जाग येत होती.

चार तारखेला सुनावणीच्या खोलीत एका बाजूला माणिक बसला, कानात कापूस घालून. दुसऱ्या बाजूला फौजदार आणि त्याचा वकील. साक्षीदारांसाठी मागचा जिना होता, तो मागच्या खोलीत उघडत होता, आणि जयंतीबाई साडेदहापासून तिथे उभ्या होत्या. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. वकिलाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, तक्रारदाराकडे आणखी काही पुरावा नसेल तर. गंधाली मॅडमनी मागच्या खोलीच्या दाराशी आलेल्या जयंतीबाईंकडे पाहिलं. जयंतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

कोपऱ्यात टिपणं घेत बसलेल्या संघमित्राने पेन खाली ठेवलं. माणिक तिच्याकडेच बघत होता. त्याला अर्धं ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्याला कळत होतं.

तेव्हा पुढचं दार उघडलं. ज्या दारातून फौजदार आला होता तेच.

शेवंती आत आली. ड्यूटीवरून तशीच आली होती, निळ्या कोटात. फौजदार ताडकन उभा राहिला आणि वकिलाने त्याला हाताला धरून बसवलं. ती त्याच्या खुर्चीला वळसा घालून पुढे गेली, कमरेचा बटवा सोडला आणि ते काड्यापेटीएवढं पान मॅडमच्या टेबलावर ठेवून उलगडू लागली. पहिली घडी, दुसरी, तिसरी, चौथी. घामाने कागद मऊ झाला होता, फाटू नये म्हणून ती सावकाश उलगडत होती.

"मी शेवंती," ती म्हणाली. "हे माझं आहे. ह्यात लिहिलंय ते मी पाहिलंय."

मॅडमनी तिला खुर्ची दिली. ती बसली, आणि या खेपेला पाठ टेकून बसली. संघमित्राकडे तिने एकदाही पाहिलं नाही.